आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र: दातांचे तातडीचे उपचार प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना शिकवा

माननीय आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

मी दंतवैद्य आहे. रात्री दाढ ठणकू लागली किंवा मूल पडून दात निखळला, की माणूस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात धावतो. तिथल्या डॉक्टरांना दातांविषयी फारच थोडं शिकवलेलं असतं. हा दोष त्यांचा नाही, अभ्यासक्रमाचा आहे.

निखळलेल्या दाताचंच घ्या. कायमचा दात मुळासकट बाहेर आला, तर मुळावरच्या नाजूक पेशी कोरड्या राहून तासाभरात बहुतेक मरतात. मुळाला हात न लावता दात वरच्या भागाला धरून उचलायचा, माती लागली असेल तर नुसता विसळायचा, घासायचा नाही, आणि लगेच जागेवर बसवायचा. जमत नसेल तर दुधात ठेवून दंतवैद्याकडे पाठवायचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. त्याखाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. एवढं ठाऊक असलेला डॉक्टर मुलाचा दात वाचवू शकतो. आमच्यापर्यंत मात्र तो दात कापसात गुंडाळून दुसऱ्या दिवशी येतो, तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

दाढ ठणकली की अँटिबायोटिक लिहून देण्याची सवयही मोडायला हवी. दाताची नस सुजून होणारी वेदना त्याने थांबत नाही. रुग्णाला चालत असेल तर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र दिल्याने आराम पडतो. अँटिबायोटिक लागतं ते ताप असेल, सूज पसरत असेल तेव्हा, आणि तेव्हाही पू काढावाच लागतो.

जिभेखाली सूज, जीभ वर उचललेली, लाळ गिळता येत नाही, तोंड उघडत नाही: अशा रुग्णाचा श्वास काही तासांत कोंडू शकतो. त्याला 'सकाळी दंतवैद्याला दाखवा' म्हणून घरी पाठवणं जिवावर बेतू शकतं. त्याला तडक मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं. दातावरून माणूस दगावतो हे खरं वाटत नाही, म्हणूनच हे शिकवणं सर्वांत निकडीचं आहे.

डॉक्टरांना दंतवैद्य बनवा असं माझं म्हणणं नाही. दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या, पण भाषणांचं नको. मॉडेलवर दात बसवून पाहू दे, जबडा बधिर करण्याचं इंजेक्शन द्यायला शिकू दे, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल तर गॉझ मध्येच न उचलता किमान २० मिनिटं दाबून धरायचा सराव होऊ दे. परिचारिकांनाही यात घ्या. शिवाय अडलं तर रात्री विचारता येईल असा एक दंतवैद्य फोनवर हवा.

शिकवायला माझ्यासारखे दंतवैद्य येतील. आदेश आपल्या खात्याने काढायचा आहे.

आपला,
एक दंतवैद्य