अ‍ॅपचा ठराव घेण्याआधी वावरातला फोन पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरिपाची तयारी सुरू झाली की विदर्भातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट आणि ग्रामपंचायतींच्या बैठकांत एक ठराव हमखास येतो : ‘सभासदांसाठी मोबाइल अ‍ॅप तयार करणे.’ सेवा कोणती, कोणासाठी, वर्षातून किती वेळा लागणार, याची चर्चा त्यानंतर होते. हा क्रम उलटा आहे आणि सभासदांचा पैसा इथेच बुडतो. अ‍ॅप, वेबसाइट, एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप आणि फोनवरून ऐकू येणारा आवाज ही वेगवेगळी साधनं आहेत. डवऱ्याचं काम कोणी नांगराला सांगत नाही.

साधन निवडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. माणूस हे काम वर्षातून किती वेळा करणार? तेव्हा तो कुठे उभा असेल : घरात, बाजार समितीत की धुऱ्यावर? आणि फोन कोणाच्या हातात असेल? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. घरातला एकुलता स्मार्टफोन मुलासोबत अमरावतीला नाहीतर पुण्याला जातो, शेतकऱ्याकडे बटणांचा फोन उरतो. सातबारा आईच्या नावावर, सिम मुलाच्या नावावर आणि ओटीपी तिसऱ्याच गावात. म्हणून मोबाइल नंबर हीच सभासदाची ओळख धरलेली रचना पहिल्याच हंगामात अडते. सभासद क्रमांक वेगळा ठेवा, त्याला दोन-तीन नंबर जोडता आणि बदलता आले पाहिजेत. एकाच नंबरवर दोन सभासद असणार, हेही धरून चाला.

बियाण्याची मागणी नोंदवणं, सभेची सूचना, आजचा भाव या कामांना अ‍ॅप नको. फोनची जागा लग्नाच्या व्हिडिओंनी भरली की क्वचित उघडलं जाणारं अ‍ॅप सगळ्यात आधी काढून टाकलं जातं. शिवाय अ‍ॅप एकदा करून संपत नाही. प्ले स्टोअरचा नियम दरवर्षी पुढे सरकतो. अ‍ॅप नव्या अँड्रॉइडच्या पातळीवर आणलं नाही, तर नवा फोन घेतलेल्या सभासदाला ते स्टोअरवर दिसतच नाही. नव्या वैयक्तिक खात्यावरून अ‍ॅप टाकायचं, तर आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. अनुदान एका वर्षाचं आणि देखभाल कायमची, हा हिशेब ठरावात कुठेच नसतो.

सूचनेसाठी एसएमएस अजूनही सगळ्यात भरवशाचा, पण त्याचं माप नीट समजून घ्यावं लागतं. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळे मोजले जातात. ‘बोंडअळी: सापळ्यात सलग ३ रात्री ८ पतंग आले तर कृषी सहायकाला फोन करा’ हा मजकूर मोकळ्या जागांसह ६६ भरतो, एका संदेशात बसतो. सुरुवातीला ‘गुलाबी’ जोडलं की ७३ होतात, संदेश दोन भागांत जातो आणि बिल दोनचं लागतं. (भाग पडले की प्रत्येकात ७० ऐवजी ६७च मिळतात, कारण भाग जोडण्याची खूणही त्यातच बसवावी लागते.) हजार सभासदांना हंगामात वीस संदेश पाठवायचे असतील, तर एका विशेषणाची किंमत किती ते मोजून पाहा. प्रेषकाचं नाव आणि मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, आधी नोंदवावा लागतो, आणि १ ऑक्टोबर २०२४पासून संदेशातली लिंकही. साच्याशी मजकूर जुळला नाही तर संदेश वाटेतच अडतो. ‘शेतकऱ्यांना’मधला ऱ्य संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो, दिसायला सारखा, आतून वेगळा. साचा एका कीबोर्डवर आणि रोजचा मजकूर दुसऱ्यावर टाइप झाला, तर चूक डोळ्यांनी सापडत नाही. नोंदवलेल्या साच्यातूनच मजकूर उचलावा, हाताने पुन्हा लिहू नये.

वाचता न येणाऱ्यांसाठी आणि जिथे बोली वेगळी आहे तिथे आवाज हेच साधन. मेळघाटात कोरकू, भामरागड-एटापल्लीकडे माडिया आणि गोंडी बोलणाऱ्यांना प्रमाण मराठीतला लांबलचक एसएमएस म्हणजे रिकामा कागद. मिस्ड कॉल द्यायचा आणि उलट फोन आल्यावर माहिती ऐकायची, ही पद्धत बटणांच्या फोनवरही चालते आणि ऐकणाऱ्याचे पैसे लागत नाहीत. मात्र पर्याय चारपेक्षा जास्त नकोत. ‘एक दाबा, कापसाच्या भावासाठी’ असं बोलू नका. ‘कापसाच्या भावासाठी एक दाबा’ म्हणा. ऐकणारा आधी आपलं काम ओळखतो, मग आकडा ऐकतो. बटण दाबायला फोन कानापासून खाली घ्यावा लागतो आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. म्हणून प्रत्येक पर्यायानंतर दोन-तीन सेकंद शांतता ठेवा आणि यादी एकदा पुन्हा ऐकवा.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडंच. ग्रुपवर फिरणारा भाव कालचा की आजचा हे कळत नाही, म्हणून तारीख आणि बाजार समितीचं नाव चित्राच्या आतच लिहा. बिझनेस प्लॅटफॉर्मवरून संस्थेचं अधिकृत खातं वापरायचं असेल, तर सभासदाच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासांपर्यंतच मोकळेपणाने उत्तर देता येतं. पुढे आधी मंजूर झालेला साचाच पाठवावा लागतो.

मागणी नोंदवण्यासारख्या कामाला साधं वेबपान पुरतं. पान २००-३०० केबीच्या आत ठेवा. मराठीसाठी वेगळा फॉन्ट उतरवायला लावू नका, अँड्रॉइडमध्ये देवनागरी असतेच. आणि एक बारीक पण नेहमीची चूक : एकराच्या रकान्यात कोणी ‘५’ मराठी आकड्यात लिहिलं की पान ‘योग्य संख्या टाका’ म्हणून हटून बसतं, कारण वेबपान ज्या भाषेत चालतं त्या जावास्क्रिप्टला देवनागरी आकडा संख्या वाटत नाही. आकडे तपासण्याआधी इंग्रजीत बदलून घेणं हे चार ओळींचं काम आहे. ते न केल्याने शेतकऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

मग अ‍ॅप कधी? रोज वापरणाऱ्यासाठी. वावरोवावरी फिरून पऱ्हाटीची पाहणी करणारा कंपनीचा माणूस, संत्र्याच्या बागा नोंदवणारी ताई, यांना अ‍ॅप हवंच. राज्यात २०२१पासून सुरू असलेली ई-पीक पाहणी शेतात उभं राहूनच फोटो मागते. असं काम अ‍ॅपचंच आहे. पण ते नेटवर्क नाही असं धरूनच बांधावं. फोनमधला फोटो सहज ४ एमबीचा असतो. सेकंदाला १०० किलोबिट मिळत असतील तर तो जायला पाच मिनिटांहून जास्त लागतात, आणि मध्ये रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तोच फोटो लांब बाजूने १२८० पिक्सेलचा करून २०० केबीवर आणला तर सोळा सेकंदांत जातो. जीपीएसला नेट लागत नाही, पण नेट नसताना उपग्रहांची माहिती उपग्रहाकडूनच उतरते; पहिल्यांदा ठिकाण मिळायला अर्धा मिनिट ते काही मिनिटं जातात, बागेत झाडाखाली आणखी. अचूकता किती मीटर आहे ते पडद्यावर दाखवा, म्हणजे माणूस थांबतो.

प्रत्येक नोंदीला फोनमध्येच स्वतंत्र क्रमांक द्या, नाहीतर ‘पाठवा’ तीनदा दाबल्यावर एकाच वावराच्या तीन नोंदी होतात. नोंद केल्याची वेळ आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ वेगवेगळी साठवा. नुकसानीच्या सूचनेला ७२ तासांसारखी मुदत असते तेव्हा रेंज उशिरा मिळाल्याची शिक्षा शेतकऱ्याला होऊ नये. आणि ‘फोनमध्ये ठेवलं’ व ‘पोचलं’ हे दोन शब्द पडद्यावर स्वच्छ वेगळे दिसू द्या. ‘सबमिट झाले’ वाचून माणूस निर्धास्त घरी जातो आणि नोंद फोनमध्येच पडून राहते.

संस्थांना विनंती आहे की काम देताना चाचणीची अट करारातच लिहावी. चाचणी नागपूरच्या कार्यालयातल्या वायफायवर नको. धारणी किंवा एटापल्ली तालुक्यात, दुपारच्या उन्हात, सभासदाच्याच जुन्या फोनवर, फ्लाइट मोड लावून दहा नोंदी करायच्या. फोन एकदा बंद करून चालू करायचा. मग रेंजमध्ये येऊन दहाच्या दहा, एकही दुबार न होता, सर्व्हरवर आल्या का ते मोजायचं. शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा.

आपला,
ग्रामीण भागासाठी मोबाइल सेवा तयार करणारा एक वाचक
दारव्हा, जि. यवतमाळ