डॅम्पर बसवण्याआधी कोनसेट तपासा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

धावत्या मोटारसायकलचे हँडल अचानक थरथरू लागले, तर स्टीअरिंग डॅम्पर बसवून घ्यावा, असा सल्ला हल्ली तरुण चालक एकमेकांना सर्रास देतात आणि ऑनलाइन मागवलेला डॅम्पर आमच्यासारख्यांच्या गॅरेजमध्ये आणून, एवढा बसवून द्या, असे सांगतात. डॅम्पर उपयोगी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु हँडल का थरथरते याचा शोध न घेता तो बसवणे आणि एकदा बसवल्यावर त्याच्याकडे पुन्हा ढुंकूनही न पाहणे, या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

डॅम्परचे काम समजायला अवघड नाही. तेलाने भरलेल्या बारीक नळकांड्यात एक दट्ट्या सरकत असतो. नळकांडे चेसिसला आणि दट्ट्याचा दांडा पुढच्या शॉकअपच्या नळीला किंवा टीला (दोन्ही नळ्या वर एकत्र धरणाऱ्या पट्टीला) जोडलेला असतो, किंवा याच्या उलट. हँडल सावकाश वळवले तर तेल छिद्रांतून सहज पलीकडे जाते, झटक्याने वळले तर तेलाला तेवढ्या घाईने वाट मिळत नाही आणि हालचाल रोखली जाते. बँकेच्या काचेच्या दाराला लावलेला क्लोजर याच तत्त्वावर चालतो. जुन्या जावा-येझदीच्या आणि बुलेटच्या हँडलच्या मधोमध एक गोल मूठ असे, ती अनेक वाचकांना आठवत असेल. तोही डॅम्परच होता, फक्त घर्षणावर चालणारा: मूठ आवळली की आतल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जात आणि हँडल जड होई. सावकाश वळतानाही तो तितकाच विरोध करी, ही त्याची उणीव होती आणि तेलाच्या डॅम्परने ती दूर केली. पुढे होंडाने २००४ च्या सीबीआर १००० आरआर या गाडीला वेगाप्रमाणे आपोआप कमी-जास्त होणारा इलेक्ट्रॉनिक डॅम्पर दिला. त्याआधी सुझुकीच्या १९९७ च्या टीएल १००० एस या गाडीचे हँडल झटके मारते, अशा तक्रारी आल्यावर कंपनीने तिला डॅम्पर बसवून दिला होता. निर्मात्याने गाडीची भूमिती, वजन आणि वेग यांचा हिशेब करून दिलेला डॅम्पर त्या गाडीचा अविभाज्य भाग असतो, आणि तो काढून टाकून गाडी चालवणे तितकेच चुकीचे आहे.

आपल्याकडे मात्र बहुतेक डॅम्पर ज्या गाड्यांवर चढवले जातात, त्या गाड्या निर्मात्याने डॅम्परशिवाय चालतील अशाच बनवलेल्या आहेत. त्यांचे हँडल थरथरत असेल, तर काहीतरी बिघडलेले आहे. चाक खड्ड्यातून वर येताना त्याची रस्त्यावरची पकड क्षणभर सुटते आणि पुन्हा टेकताना ते किंचित जरी तिरके असले, तरी झटका बसून मध्याकडे वळते, मध्य ओलांडून दुसऱ्या बाजूला जाते आणि तिथून परत येते. ही थरथर सेकंदाला साधारण चार ते दहा वेळा होते, त्यामुळे माणसाच्या हाताला ती पकडून थांबवणे जमत नाही. धडधाकट गाडीत ती दोन-तीन हेलकाव्यांत आपोआप शमते. ढिल्या गाडीत वाढत जाते. हा ढिलेपणा कोनसेटमध्ये, म्हणजे हँडलचा दांडा ज्या दोन बेअरिंगवर फिरतो त्या जोडीत, असू शकतो, मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या बुशमध्ये असू शकतो, चाकाच्या सैल पडलेल्या आऱ्यांमध्ये असू शकतो. असमान झिजलेला पुढचा टायर, कमी हवा, बॅलन्सिंग न केलेले चाक आणि पडल्यानंतर सरळ न करता तसेच वापरलेले शॉकअप हीसुद्धा नेहमीची कारणे आहेत. आमच्या भागात पहाटे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून डेअरीकडे निघालेल्या गाड्यांचे पुढचे चाक मागच्या वजनाने इतके हलके झालेले असते की हँडल थरथरले नाही तरच नवल. आंबोलीमार्गे गोव्याला निघालेल्या, मागे भली मोठी पेटी आणि दोन बाजूंना बॅगा लावलेल्या गाड्यांचेही तेच होते. अशा गाडीला डॅम्पर नव्हे, वजनाची नीट वाटणी हवी असते.

यात सर्वांत दुर्लक्षित भाग कोनसेट. खड्डे बहुधा गाडी सरळ जात असतानाच लागतात, त्यामुळे बेअरिंगमधल्या गोळ्यांचा मार रेसवर, म्हणजे त्या ज्या कडीत फिरतात तिच्यावर, पुन्हा पुन्हा त्याच जागी बसतो आणि तिथे बारीक खाचा पडतात. मग हँडल मध्यावर आले की त्या खाचांत बसते, चालकाला गाडी सरळ ठेवण्यासाठी सारखे हँडलशी झगडावे लागते आणि नट थोडा जरी सैल असेल तर थरथर सुरू होते.

मध्यंतरी एक तरुण आपली गाडी घेऊन आला. डॅम्पर दुसरीकडून आधीच बसवलेला होता, तरीही ताशी ७० किलोमीटरच्या आसपास थ्रॉटल सोडला की हँडल थरथरते, अशी त्याची तक्रार होती. याहून भारी डॅम्पर घ्यावा का, एवढेच त्याला विचारायचे होते. डॅम्परच्या दांड्यावर तेलाचा ओलसर थर होता आणि त्यावर लाल माती चिकटून कडक झाली होती. डॅम्परचे एक टोक सोडले, इंजिनाखाली जॅक देऊन पुढचे चाक उचलले आणि शॉकअपची खालची टोके दोन्ही हातांत धरून पुढे-मागे ओढली, तेव्हा टक्-टक् असा ठोका हाताला स्पष्ट जाणवला. हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे नेले, तर मध्यावर येऊन ते अडकले आणि पुढे जाण्यासाठी त्याला ढकलावे लागले. कोनसेट उघडल्यावर खालच्या रेसमधल्या खाचा नखाला लागत होत्या आणि ग्रीस सुकून गेले होते. नवा कोनसेट बसवला, नट कंपनीने सांगितलेल्या ताणावर आवळला आणि पुढचा टायर बदलला. नंतर डॅम्पर न लावता गाडी त्याच रस्त्यावर नेऊन पाहिली, तर हँडल शांत होते. कोनसेट आणि मजुरी मिळून जो खर्च आला, तो त्याने डॅम्परसाठी मोजलेल्या पैशांपेक्षा कितीतरी कमी होता.

डॅम्पर न सोडता हीच तपासणी केली असती, तर मध्यावरचे ते अडकणे कोणालाही कळले नसते, कारण तेलाचा विरोध खाचेचा विरोध झाकून टाकतो. तेव्हा ज्या गाडीला डॅम्पर आहे, तिचा कोनसेट तपासताना डॅम्परचे एक टोक सोडलेच पाहिजे. हे काम दोन बोल्टचे आहे; तरीही सर्व्हिसिंगच्या घाईत ते टाळले जाते. अशा गाडीचा कोनसेट पार खराब होईपर्यंत मालकाला त्याचा पत्ता लागत नाही, आणि मग एखाद्या दिवशी डॅम्परचेही तेल संपलेले असते.

डॅम्पर बसवण्याच्या पद्धतीबद्दलही लिहिले पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर दट्ट्याला थोडी जागा शिल्लक राहिली पाहिजे; हँडल अडवण्याचे काम चेसिसवरच्या स्टॉपरचे आहे, डॅम्परचे नाही. ही काळजी न घेतल्यास पार्किंगमध्ये गाडी वळवताना दांडा वाकतो किंवा क्लॅम्पला तडा जातो, आणि वाकलेला दांडा ऐन वळणावर अडकला तर गाडी वळतच नाही. क्लचची केबल किंवा वायरिंग मध्ये येत नाही ना, हे हँडल दोन्ही टोकांना नेऊन डोळ्यांनी पाहावे लागते. शॉकअपच्या नळीवरचा क्लॅम्प वाजवीपेक्षा जास्त आवळला तर नळी दबून शॉकअप अडखळते. काही जण ब्रॅकेटसाठी चेसिसला वेल्डिंग करून घेतात किंवा भोके पाडतात. माझ्या मते हा प्रकार कोणत्याही मेकॅनिकने, गिऱ्हाईक कितीही मागे लागले तरी, करू नये.

आता देखभालीबद्दल. शॉकअपचे तेल बदलावे लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण डॅम्परमध्येही तेल आणि ऑइल सील असते, याचा विचार क्वचितच होतो. वापराने तेल पातळ आणि काळे होते, सीलमधून झिरपते आणि त्याची जागा हवा घेते. डॅम्पर गाडीवरून काढून हातात धरावा, दांडा सावकाश आत-बाहेर करावा: विरोध दोन्ही दिशांना अखंड लागला पाहिजे. दिशा बदलताना थोडे अंतर दांडा अगदी मोकळा सरकला तर आत हवा शिरली आहे, आणि एकाच ठिकाणी अडखळला तर दांडा वाकला आहे किंवा त्यावर ओरखडा आहे. दोन्ही टोकांच्या गोल सांध्यांत खेळ असेल तर डॅम्पर कितीही चांगला असला तरी व्यर्थ, कारण थरथरीची सुरुवात त्याच एक-दोन मिलिमीटरच्या हालचालीत होते. चांगल्या डॅम्परचे सील बदलता येते, त्यात निर्मात्याने सांगितलेलेच तेल भरावे लागते आणि हवा पूर्ण काढावी लागते. हाताशी असलेले इंजिन ऑइल त्यात ओतणे चूक आहे, कारण जाड तेलाने हँडल जड होते आणि थंडीच्या दिवसांत आणखी जड होते. स्वस्तातले बरेच डॅम्पर उघडताच येत नाहीत, ते गळू लागले की टाकून द्यावेत. धुलाई केंद्रात पाण्याचा जोरदार फवारा सीलवर मारू देऊ नये.

जितका कडक तितका चांगला, हाही एक गैरसमज आहे. डॅम्परचा विरोध कमी-जास्त करणारा नॉब पूर्ण आवळून गर्दीत गाडी चालवली तर हळू वेगात तोल सांभाळण्यासाठी हँडलला ज्या बारीक हालचाली कराव्या लागतात, त्या होत नाहीत आणि गाडी डुलत जाते. मोठ्या वेगात तर संपूर्ण गाडी सापासारखी वळवळण्याचा जो दुसरा दोष असतो, तो अतिकडक डॅम्परने वाढू शकतो. सर्वांत सैल बाजूपासून सुरुवात करून एकेक क्लिक वाढवावे आणि थरथर थांबली की तिथेच थांबावे. आणि रस्त्यात हँडल थरथरू लागलेच, तर ते जिवाच्या आकांताने आवळून धरू नये, पुढचा ब्रेक दाबू नये. गुडघ्यांनी टाकी धरावी, अंग किंचित पुढे झुकवावे आणि थ्रॉटल हळूहळू कमी करावा.

संबंधितांनी दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली कंपन्यांच्या सेवा केंद्रांना: पुढचे चाक उचलून आणि डॅम्पर असल्यास तो सोडून केलेली कोनसेटची तपासणी सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डावर वेगळ्या रकान्यात नोंदवावी आणि ती गिऱ्हाइकाच्या समोर करावी. दुसरी परिवहन विभागाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद झाली. बाहेरून घेतलेला डॅम्पर यात मोडतो की नाही, हे गाडी घेणाऱ्यालाही स्पष्ट नसते आणि बसवणाऱ्यालाही. कोणत्या दर्जाचा, कोणत्या गाडीला आणि कोणत्या प्रकारच्या ब्रॅकेटने बसवलेला डॅम्पर चालेल, हे विभागाने मराठीत लेखी प्रसिद्ध करावे आणि त्याची प्रत प्रत्येक प्रादेशिक परिवहन कार्यालयातील फलकावर लावावी.

आपला विश्वासू,
एक दुचाकी गॅरेजचालक,
उद्यमनगर, कोल्हापूर