बाबा, होमवर्क करून देत नाही, करून घेते

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर बी बोलता आलं असतं पण फोनवर बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात आन विषय तसाच राहतो, म्हणून टाईप करून पाठवायलेय. आई, बाबांना चष्मा दे आन तू पण बाजूला बस, मध्येच उठून भाजी ढवळायला जाऊ नको, लांब आहे.

तर बाबा, तुम्हाला पारावर कुणीतरी सांगितलंय की तुमची पोरगी कॉलेजच्या पोरांचे होमवर्क लिहून देते आन पैसे घेते. तुम्ही सरळ काही म्हणला नाहीत, "तुझं ते संध्याकाळचं काम नेमकं काय असतंय" एवढंच विचारलं, पण मला आवाजावरूनच कळलं. असे लोक आहेत बाबा, नाही म्हणत नाही. पानामागं रेट ठरलेला असतो, असाइनमेंट, प्रॅक्टिकलची जर्नल, प्रोजेक्ट, सगळं लिहून मिळतं, फक्त नाव तुमचं टाकायचं. आन आता तर त्यांचा बी धंदा बसायला आलाय, कारण मोबाईलवर गणिताचा फोटो काढला की दोन मिनिटात स्टेपसकट उत्तर येतं, फुकट. मी त्यातली नाही. ऑफिस सुटलं की सातच्या पुढं पोरं माझ्याकडं येतात, बीकॉम बीबीएची, बीएस्सीची, काही इंजिनिअरिंग फर्स्ट इयरची, काही नांदेड-लातूरकडून ऑनलाईन असतात, त्यांची गणितं त्यांच्याच हातानं सोडवून घेते आन त्याची महिन्याची फी घेते. शिकवणी म्हणा हवं तर.

तुम्ही म्हणाल फुकट उत्तर मिळतंय तर तुझ्याकडं काहून येतात. कारण तोंडी परीक्षेत सर विचारतात की बाबा हे इथं का भागलंस, आन पोरगं वर बघत बसतं. उत्तर बरोबर, हातात काहीच नाही. आमच्याकडं पहिला नियम असा की पेन खाली ठेवायचा आन गणित मोठ्यानं वाचायचं. मग काय दिलंय ते सांगायचं, काय विचारलंय ते सांगायचं, कशात मोजलंय ते सांगायचं, आन मग सोडवायच्या आधी अंदाजानं उत्तर किती येईल ते सांगायचं, चुकलं तरी चालेल. यात पंधरा-वीस मिनिटं जातात आन पोरं वैतागतात, मॅडम फॉर्म्युला सांगा ना डायरेक्ट. फॉर्म्युला पुस्तकात आहे की रे, त्याला माझी काय गरज.

यात अडचण अशी की पुस्तकातली गणितं कुठल्या कुठली असतात. बर्फावरून घसरणारा माणूस, त्याचं घर्षण काढा. परभणीच्या पोरानं बर्फ बघितलाय तो रसवंतीतला. म्हणून मी गणितं आपल्या घरची घालते, आन खरं सांगायचं तर बाबा, तुमच्या वहीतली घालते. तुम्हाला न विचारता. ती लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे ना, खर्च, पिकाचा उतारा म्हणजे एकरी किती निघालं ते, मोटारीची दुरुस्ती, सगळं एकाच वहीत आन मधीच कुणाच्या तरी लग्नाचा आहेर लिहिलेला, ती मागच्या दिवाळीला आले तेव्हा चाळली होती.

सगळ्यात जास्त चाललं ते पीक विम्याचं गणित. तुम्ही दरवर्षी चिडता ना की आपलं सोयाबीन तर पाण्यात गेलं, दोन क्विंटल पण निघालं नाही एकरी, आन महसूल मंडळाला, म्हणजे आजूबाजूच्या गावांच्या सगळ्या गटाला, विमा लागला नाही म्हणतात, सगळे चोर. मी स्टॅटिस्टिक्सच्या पोरांना तेच दिलं. 2016 च्या खरिपापासून जी पंतप्रधान पीक विमा योजना आहे तिच्यात उंबरठा उत्पादन म्हणून एक आकडा असतो. मागच्या सात वर्षांचा मंडळाचा उतारा घ्यायचा, त्यातली सगळ्यात वाईट दोन वर्षं टाकून द्यायची, राहिलेल्या पाचाची सरासरी काढायची आन तिला जोखीमस्तरानं, म्हणजे त्यातलं किती टक्के उत्पादन विम्यात धरलंय त्यानं, गुणायचं, 70 टक्के धरू. यंदाचा मंडळाचा उतारा या आकड्याच्या खाली गेला तर मंडळाला पैसे, आन किती खाली गेला त्या प्रमाणात.

आकडे मी मनानं घेतले, एकरी क्विंटलमध्ये, 8, 6, 9, 3, 7, 8, 2. निम्म्या पोरांनी साताचीच सरासरी काढली, 6.14, त्याचे 70 टक्के 4.3. यंदा मंडळात 4 निघालं असं धरलं तर 4.3 वरून 4 म्हणजे सात टक्के भरपाई. आन वाईट दोन वर्षं म्हणजे 3 आन 2 टाकली की सरासरी होते 7.6, त्याचे 70 टक्के 5.32, आन भरपाई होते विमा रकमेच्या जवळजवळ पंचवीस टक्के. कुठं सात कुठं पंचवीस! बेरीज सगळ्यांची बरोबर होती, गणित वाचलं नव्हतं एवढंच. एक पोरगा तर म्हणाला मॅडम माझ्या वडिलांना हे मागच्या वर्षी माहीत पाहिजे होतं, त्यांनी उगं कृषी सहायकाशी भांडण केलं.

पण तुमचा राग आहे तो दुसऱ्या जागी आहे आन तो राग खरा आहे. यंदाचा मंडळाचा 4 हा आकडा येतो कुठून? बराचसा पीक कापणी प्रयोगातून. चिठ्ठ्या टाकल्यागत मोजके प्लॉट निवडतात, तेवढंच कापतात, वजन करतात, आन त्याची सरासरी सगळ्या मंडळाला लावतात. तुमचं रान नाल्याकाठी, वरच्या आळीवाल्यांचं माळावर, पाऊस जास्त झाला तर तुमचं गेलं आन त्यांचं तरलं, सरासरी निघाली साडेपाच, म्हणजे उंबरठ्याच्या वर, कुणालाच काही नाही. यात कुणी चोरी केलीच पाहिजे असं नाही बाबा. सरासरीला तुमचं रान दिसतच नाही. पोरांना मी विचारलं की मग सरासरीसोबत अजून कुठला आकडा सांगायला पाहिजे, आन तेव्हा कुठं त्यांना कळलं की स्टँडर्ड डेव्हिएशन नावाचं जे लफडं आहे ते परीक्षेसाठी नाही काढलं कुणी. रानारानात फरक किती पडतोय ते सांगणारा आकडा आहे तो. आन प्लॉट कमी असले की मोजलेली सरासरी खऱ्याच्या अलीकडं पलीकडं जास्त हलते. ही चूक निम्मी करायची तर दुप्पट प्लॉट पुरत नाहीत, चौपट लागतात, म्हणून सरकार बी हात आखडतं.

गंमत सांगू, ही नमुन्याच्या प्लॉटची पद्धत आपल्याकडं बसवण्यात मोठा हात होता पां. वा. सुखात्मे यांचा, साताऱ्याकडच्या बुध गावात 1911 ला जन्मलेला माणूस. आन थोड्याच नमुन्यांवरून अंदाज कसा बांधायचा हे शोधलं विल्यम गॉसेट यांनी, ते डब्लिनला गिनेसच्या बिअरच्या कारखान्यात कामाला होते, बार्लीच्या पिकाचे नमुने तपासायचे, आन कंपनी स्वतःच्या नावानं छापू देत नव्हती म्हणून 1908 ला "स्टुडंट" अशा टोपणनावानं लेख छापला. आजपण पोरं स्टुडंटची टी-टेस्ट म्हणून घोकतात आन त्यांना वाटतं ती विद्यार्थ्यांसाठी आहे. बिअरचं नाव आलं म्हणून तोंड वाकडं करू नका बाबा, धान्याचाच विषय आहे.

लातूरची एक पोरगी आहे, तिला सरासरीचा कंटाळा यायचा. तिला 2016 च्या दुष्काळातली पाण्याची रेल्वे दिली. मिरजेहून पन्नास वाघिणींची गाडी यायची, एका खेपेला 25 लाख लिटर, ऐकायला केवढं वाटतं. लातूर शहराची 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या सुमारे 3.82 लाख. भाग तू. माणशी साडेसहा लिटर. ती गप्प बसली थोडा वेळ आन म्हणाली मॅडम आमच्या घरी तेव्हा आंघोळीचं पाणी साठवून फरशी पुसायचे. आता ती कुठलाही मोठा आकडा दिसला की आधी विचारते, कशानं भागायचा.

बिझनेसवाल्यांचं वेगळं दुखणं. त्यांना शब्द लई पाठ असतात. इफेक्टिव्ह ॲन्युअल रेट, म्हणजे वर्षाला खरं व्याज किती पडतं ते, काढा म्हणलं की फडाफडा सूत्र लिहितात. मी विचारलं, शेकडा तीननं पैसे काढले तर वर्षाला किती पडतं? बीबीएच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा म्हणाला तीन टक्के. मी म्हणलं तुझ्या आज्याला विचार. गावात शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाचे झाले छत्तीस, आन महिन्याच्या महिन्याला व्याज दिलं नाही, मुद्दलात चढत गेलं तर 42.6. पन्नास हजाराचे वर्षानं 71,288 होतात. हे गणित घालताना मी कुणाचं नाव घेतलं नाही, पण बाबा, माझ्या ॲडमिशनच्या वेळचे पन्नास कुठून आले होते ते मला वहीत दिसलं. आईला माहीत होतं का तेव्हा, का तिलाबी नंतरच कळलं? असो. फेडलेत सगळे, ते पान पण बघितलं, त्यावर तुम्ही आडवी रेघ इतकी जोरात मारलीय की मागचं पान फाटलंय.

फिजिक्सला आपली विहीर लई कामाला आली. पाच एचपीची मोटार, पाणी उचलायचं शंभर फूट, सेकंदाला किती लिटर पडेल? इथं पोरं एचपी तसंच लिहितात, फूट तसंच लिहितात आन 9.8 नं गुणून मोकळी होतात, काहीतरी भलताच आकडा येतो आन त्याच्याखाली दोन रेघा मारतात. एक एचपी म्हणजे 746 वॅट, पाच म्हणजे 3,730. शंभर फूट म्हणजे धरा 30 मीटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, ते 30 मीटर वर न्यायला 294 ज्यूल. भागाकार केला तर सेकंदाला साडेबारा लिटरच्या वर जातं. मी म्हणलं माझ्या बाबांना विचारा, एवढं पडतं का. मग पंप झिजलेला, पाईपात घासणारं पाणी, हे सगळं धरून निम्मीच ताकद कामी आली असं धरलं, तर सव्वासहा लिटरच्या आसपास. आठ तास लाईट राहिली तर 1 लाख 80 हजार लिटर, म्हणजे एका एकरावर साडेचार सेंटीमीटर पाणी उभं राहील एवढं. तुम्ही रात्री दोनला उठून दारं धरायला जाता ते या साडेचार सेंटीमीटरसाठी, हे मी त्यांना सांगितलं. एकानं विचारलं मॅडम लाईट रात्रीच का येते. ते फिजिक्समध्ये नाही म्हणलं.

आई, तुझं पण एक घेतलंय, रुसू नको. तू म्हणतीस ना की माठ जुना झाला की पाणी गार होत नाही. बरोबर आहे तुझं. पाणी माठाच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं, उडून जातं आन जाताना आतली उष्णता घेऊन जातं, एक ग्रॅम उडायला साधारण 2,400 ज्यूल लागतात. दहा लिटरच्या माठातलं नुसतं 100 ग्रॅम उडालं, सगळी उष्णता आतल्याच पाण्यातून घेतली असं धरलं, तर बाकीचं पाणी साडेपाच अंशांच्या वर गार होतं. आपल्या बोअरचं पाणी जड, क्षार साचतात, छिद्रं बुजतात, मग कुठून उडणार. बीएस्सीच्या पोरीनं वर विचारलं की मग पावसाळ्यात नवा माठ असला तरी गार का होत नाही, तर हवेतच ओल असते म्हणून उडतच नाही. असा प्रश्न कुणी स्वतःहून विचारला की त्या दिवशी मी फुकट चहा पाजते.

तर आता काम सांगते. बाबा, ती वही लपवू नका, तिचे फोटो काढून पाठवा, शेजारच्या पोराला सांगा, तो नीट काढतो, तुमचे हलतात. मला तीन गोष्टी पाहिजेत. सोयाबीनचा उतारा जितक्या वर्षांचा लिहिलेला असेल तितका, मधलं वाईट वर्ष लाज वाटून गाळू नका, माझं सगळं गणितच त्याच्यावर आहे. दुसरं, खत-बी-फवारणीचा खर्च आन काढणी-मळणीचा खर्च वेगवेगळा, कारण ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा कुठं होतो ते, काढायचाय, पेरणी करायच्या आधी ठरलेला खर्च किती आन क्विंटलमागं वाढत जाणारा किती, आन मग किती भावाला हातात काही राहतं. तिथं तुमची स्वतःची आन आईची मजुरी पण लावा, रोजानं, नाही लावली तर नफा दिसतो आन तो खोटा असतो. पोरांच्या पुस्तकात मालकाच्या कष्टाचे पैसे धरतात, आपल्याच वहीत धरत नाहीत. तिसरं, मोटारीच्या पाटीवर जे कोरलेलं असेल ते, एचपी, हेड म्हणजे पाणी किती उंच चढवते ते, लिटर, पुसट झालं असेल तर ओल्या फडक्यानं पुसा, पण आधी मेन स्विच बंद करा, आई तू उभी राहून बघ बंद केलाय का.

आन सोयाबीन निघालं की दोघं या इकडं. आईचे गुडघे दाखवायचेत, मी नंबर लावून ठेवते. पोरांना पण तुम्हाला भेटायचंय बाबा, ते दोन क्विंटलवाले काका म्हणतात तुम्हाला. सकाळचीच गाडी पकडा, दुपारच्याला जागा मिळत नाही.

तुमची,
माई