'डूम इटर्नल' समजावून देणाऱ्या दादांस

डिचोली, गोवा

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

चतुर्थीच्या सुट्टीत घरी पाहुण्यांची वर्दळ असतानाही आपण माझ्याशेजारी बसून 'डूम इटर्नल' हा राक्षसांशी लढण्याचा व्हिडिओ गेम कसा खेळायचा हे सावकाश समजावून दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण असे, की २०१६ चा 'डूम' जिवापाड आवडलेले आणि २०२० चा हा पुढचा भाग मात्र अर्ध्यावर सोडून दिलेले बरेच जण आपल्या वाड्यावरच आहेत.

पहिल्या भागात सुपर शॉटगन हाती आली की तिच्या जोरावर बहुतेक लढाया मारून नेता येत, आणि सगळे संपले तरी पिस्तुलाच्या गोळ्या कधी संपत नसत. इटर्नलमध्ये पिस्तूलच नाही आणि गोळ्यांचा साठाही तोकडा, त्यामुळे एकच आवडती बंदूक धरून बसणाऱ्याचे हात लगेच रिकामे होतात. हा त्रास मुद्दाम योजलेला आहे, हे आपण पहिल्यांदा सांगितलेत. ग्लोरी किलमधून, म्हणजे डळमळू लागलेल्या शत्रूला जवळ जाऊन संपवले की आरोग्य, आणि चेनसॉने (यांत्रिक करवतीने) कापले की गोळ्या, हा हिशेब पहिल्या भागातही होता. पण तेव्हा चेनसॉचे इंधन शोधावे लागे, म्हणून ती एखाद्या मोठ्या राक्षसासाठी राखून ठेवली जाई. इटर्नलमध्ये इंधनाचा पहिला टप्पा आपोआप भरतो, शिवाय खांद्यावरच्या फ्लेम बेल्चने, म्हणजे आग ओकणाऱ्या यंत्राने, पेटवलेल्या शत्रूंमधून चिलखत गळते. "काही कमी पडले की मागे सरू नकोस, गर्दीत शीर," हे आपले वाक्य मी अजूनही खेळताना मनात म्हणतो.

कॅकोडेमन या उडत्या राक्षसाचा प्रसंग तर डोळ्यांसमोरून जात नाही. तो जबडा उघडून जवळ येईपर्यंत आपण शांत थांबलात, शॉटगनमधून सुटणारा चिकट बॉम्ब (स्टिकी बॉम्ब) नेमका तोंडात टाकलात, त्याने तो गिळला, आतल्या आत स्फोट झाला आणि एवढा मोठा राक्षस एका क्षणात ग्लोरी किलसाठी डळमळत उभा राहिला. मग अरॅक्नोट्रॉन या कोळ्यासारख्या राक्षसाच्या पाठीवरची तोफ आधी उडवायची, रेव्हेनंट या दुसऱ्या राक्षसाचे खांद्यांवरचे रॉकेट लाँचर तोडायचे, असे एकेक आपण करून दाखवलेत. मरॉडर या कसलेल्या शत्रूसमोर मी सारखा पळत होतो; फार जवळ नाही, फार दूरही नाही असे अंतर राखून त्याच्या डोळ्यांत हिरवी चमक दिसताच बार टाकायचा, हे आपण शिकवल्यावर तीच लढाई मला सर्वांत जास्त आवडू लागली.

एका बाबतीत मात्र माझे मत आपल्याहून वेगळे आहे. पहिल्या भागातले मंगळावरचे ते सुनसान तळ, दोन लढायांमधली शांतता आणि सुरुवातीलाच समोरचे बोलणे पुरते ऐकून न घेता स्क्रीन ढकलून देणारा स्लेयर (खेळाचा नायक), याची सर इटर्नलच्या लांबलचक कथेला येत नाही. जांभळ्या चिखलात अडकून पडणे आणि भिंतींवरून उड्या मारत पुढे जाणे हेही मला कंटाळवाणे वाटते. मिक गॉर्डन यांचे संगीत दोन्हींत तितकेच अंगावर येते. पण प्रत्यक्ष लढाईपुरते बोलायचे तर दुसरा भाग सरस आहे, कारण त्यात प्रत्येक शस्त्राला नेमून दिलेले काम आहे, लागोपाठ दोनदा झटकन आडवी झेप (डॅश) घेता येते, आणि सुपर शॉटगनच्या मीटहुकने (आकड्याने) शत्रूलाच पकडून हवेतून त्याच्यावर जाता येते. आपण वेळ दिला नसता तर हे सुख मला मिळाले नसते.

आता इटर्नलच्या 'द एन्शंट गॉड्स' या पुरवणी कथेचा पहिला भाग सुरू केला आहे आणि तो फारच कठीण जातो आहे. पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा एक संध्याकाळ आमच्याकडे नक्की काढावी. आईने आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

आपला नम्र,
शेजारचा धाकटा