दुसरे घर घेण्याआधी भाड्याचा हिशेब मांडा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या घरविषयक पुरवणीत नव्या प्रकल्पांच्या जाहिरातींशेजारीच ‘दुसरे घर घ्या, भाड्याने द्या आणि निश्चिंत व्हा’ अशा आशयाचे लेख वारंवार वाचायला मिळतात. मुलुंड पूर्वेतील एका 48 सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी गेली 11 वर्षे मानद सचिव आहे. आमच्या 17 सदनिकांत आज भाडेकरू राहतात आणि त्यांच्या मालकांची गाऱ्हाणी ऐकण्याचे काम माझ्याकडे असल्याने, पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहाव्यात असे वाटले.

गेल्या महिन्यात माझा भाचा असाच एक व्यवहार घेऊन आला. दलालाने आपल्या कार्डाच्या मागे बॉलपेनने दोनच आकडे लिहून दिले होते: किंमत 90 लाख, भाडे 25 हजार. घर तयार, पुनर्विक्रीचे, 390 चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्र. उरलेले आकडे आम्ही दोघांनी संस्थेच्या कचेरीत बसून भरले. सहा टक्के मुद्रांक शुल्क 5 लाख 40 हजार, नोंदणी फी 30 हजार, दलाली एक टक्का धरली तर 90 हजार, संस्थेचे हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे सदनिका नव्या मालकाच्या नावे करताना संस्था घेते ती रक्कम, जास्तीत जास्त 25 हजार आणि रंगरंगोटी, नळ, वायरिंग यांना साधारण सव्वादोन लाख. म्हणजे घर 99 लाखांच्या घरात गेले. (घर केवळ पत्नीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे भाच्याला ठाऊकच नव्हते.) वर्षात एक महिना घर रिकामे राहील असे धरून भाडे 2 लाख 75 हजार, त्यातून देखभाल वर्गणी, किरकोळ दुरुस्ती आणि भाडेकरू बदलला की पुन्हा दलाली वजा केली, तर हाती पावणेदोन ते दोन लाख उरतात. ही प्राप्ती 99 लाखांवर दोन टक्क्यांच्या आसपास भरते, आणि त्यावरचा आयकर अजून धरलेलाच नाही.

यात कर्ज आले की चित्र आणखी बिकट होते. 72 लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के दराने 20 वर्षांचा हप्ता सुमारे 62 हजार 500 रुपये येतो. भाडे 25 हजार. उरलेले साडेसदतीस हजार दर महिन्याला पगारातून जाणार आणि नव्या करप्रणालीत असणाऱ्याला व्याजापोटी झालेला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजाही करता येत नाही. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वरच्या इतर खर्चांसाठी बँक सहसा कर्ज देत नाही, त्यामुळे 18 लाखांच्या स्वहिश्शावर आणखी नऊ लाख रोख लागतात. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘पण मामा, मुंबईत जागेचा भाव पडतो का कधी?’’

खरे तर सगळा व्यवहार या एका वाक्यावर चालतो. भाव वाढेलही, परंतु ती आशा आहे, उत्पन्न नव्हे, आणि अडीअडचणीला घराची एक खोली मोडून पैसे उभे करता येत नाहीत. जुन्या इमारतींच्या बाबतीत ही आशा ‘रिडेव्हलपमेंटला जाणार आहे’ या शब्दांत विकली जाते. आमच्याकडे घर पाहायला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. शासनाच्या 4 जुलै 2019 च्या निर्देशांनुसार सभासदांच्या 51 टक्के बहुमताने पुनर्विकासाचा ठराव होऊ शकतो, हे खरे. पण ठराव आणि नव्या घराची किल्ली यांच्यामध्ये किती वर्षे जातील हे कोणी सांगू शकत नाही. मधल्या काळात बाहेर राहण्यासाठी विकासकाने द्यायचे भाडे थकले, तर मूळ रहिवाशाइतकाच गुंतवणूकदारही लटकतो. म्हणून दलालाच्या शब्दावर न जाता सचिवाला भेटावे, मागील तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते पाहू द्या म्हणावे, जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर होणे, झाले आहे का ते विचारावे आणि जमल्यास जुलैत, पाऊस लागून राहिलेला असताना, वरच्या मजल्याचे छत पाहून यावे.

बांधकामाधीन घरांविषयी थोडक्यात सांगतो. महारेरा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक नसताना, केवळ ‘क्रमांक येतोच आहे, तोवर दोन लाखांचा चेक द्या’ म्हणणाऱ्याला चेक देऊ नये. नोंदणीयोग्य प्रकल्पाची नोंदणीपूर्व जाहिरात किंवा बुकिंग कायद्याला मान्य नाही. करारनामा नोंदविण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कमही घेता येत नाही. अशा घरावर एरवी पाच टक्के जीएसटी लागतो, तो भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या तयार घराला लागत नाही, आणि ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य असते हे वेगळेच.

मी स्वतः शहाणपणाने वागलो असे नाही. 2009 साली डोंबिवलीत एक वन रूम किचन घेतले आणि पहिली दोन वर्षे साध्या स्टॅम्पपेपरवर, नोंदणी न करता भाडेकरू ठेवला. त्याने भाडे थकवले तेव्हा वकिलाने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधील कलम 55 दाखवले: करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकाची, आणि तो नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. पुढचे सात महिने मी शनिवार-रविवारी डोंबिवलीच्या फेऱ्या मारल्या. आता लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते घर वापरायला देण्याचा, करार घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो, तरीही आमच्या 17 पैकी दोन मालकांकडून तो मिळवायला मला तीन-तीन पत्रे लिहावी लागली. हेच मालक ना-वापर शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून संस्था घेते ते, आकारले की भांडायला येतात. वास्तविक ते भाड्याच्या नव्हे, तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येते आणि आमच्याकडे ते महिन्याला अडीचशे रुपयेही होत नाही.

घर घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. ज्याच्याकडे निम्म्याहून अधिक रक्कम स्वतःची आहे, त्याने आपण राहतो तिथून रिक्षाने जाता येईल अशा ठिकाणी लहान, तयार घर घ्यावे. वरच्या मजल्यावरून गळती सुरू झाली की भाडेकरू रात्री दहाला मालकालाच फोन करतो, आणि बदलापूर किंवा विरारला घर घेऊन मुलुंडला राहणाऱ्याला तो फोन फार महाग पडतो.

आपणांस एक विनंती आहे. पुरवणीत महिन्यातून एकदा तरी एखाद्या उपनगरातील तयार घराचा असा पूर्ण हिशेब, म्हणजे कार्पेट क्षेत्र, एकूण खर्च, मासिक देखभाल आणि वर्षअखेर हाती उरणारे भाडे, छापावा. आमच्या संस्थेतील आकडे, सभासदांची नावे वगळून आणि त्यांच्या संमतीने, पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव,
मुलुंड (पूर्व), मुंबई