डोलीवाले मामा

मुंबई, सोमवार, रात्री

प्रिय दोस्ता,

आठ महिन्यांत ना पत्र, ना फोन. रागव, पण आधी हे वाच. माझी शुगर ताब्यात आहे, बाकी ठीक.

घारापुरीचे डोलीवाले मामा आठवतात? पहिल्या खेपेला लाँचमध्ये तुझं पोट ढवळलं आणि त्यांनी तुला, चांगल्या धडधाकट डॉक्टरला, खुर्चीत घालून लेण्यांच्या सव्वाशे पायऱ्या वर नेलं. पैसे घेतले नाहीत. त्या मामांना अर्धांगवायू झालाय. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

रात्री एकच्या सुमाराला त्रास सुरू झाला. चौघांनी त्यांना त्यांच्याच डोलीतून किनाऱ्यावर आणलं, तर ओहोटी. होडी चिखलात बसलेली. पाणी चढेपर्यंत मामी पदरानं त्यांची लाळ पुसत बसल्या. समोर मुंबईचे दिवे दिसत होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे तुला मी काय सांगू! स्कॅन होईस्तोवर सकाळचे आठ वाजले.

प्रेशरची गोळी मीच सुरू केली होती रे. जानेवारीच्या शिबिरात १८०/११० निघालं. दर महिन्याला तीस गोळ्या द्यायचो. जूनमध्ये समुद्र खवळला, आमची होडी बंद पडली ती गणपतीनंतरच पुन्हा निघाली. मामींनी रिकामी पाकिटं रबर लावून डब्यात जपून ठेवली होती. म्हणाल्या, "डॉक्टर आले की दाखवायची होती." तो डबा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मे महिन्यातच चार महिन्यांच्या गोळ्या दिल्या असत्या तर?

गेटवेच्या कठड्यावरचं आपलं भांडण तू विसरला नसशील. "जत्रेला आल्यासारखे येतो, गोळ्या वाटतो, परत जातो. रात्री आजारी पडणाऱ्याचं काय?" मी म्हटलं, तुला घाम गाळायचा नाही म्हणून कारणं शोधतोस. ते शब्द मागे घेतो. पण शिबिर वाया गेलं हे आजही मान्य नाही. सोमवारी लेणी बंद, म्हणजे डोलीवाले, टोप्या-माळा विकणाऱ्या बायका मोकळ्या. म्हणून तर आपण तो वार धरला. मोराबंदरच्या आजीचा मोतीबिंदू त्यातूनच निघाला. दोन शिबिरांमधले दिवस मात्र आपण कुणाच्याच हवाली केले नाहीत.

आणि संतापही येतो. लेणी १९८७ पासून जागतिक वारसा, पण गावांत कायमची वीज यायला २०१८ उजाडलं. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकता आली, तर पेशंटसाठी रात्री एक बोट राखून ठेवता यायला हवी. भरती-ओहोटीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून येतं, ते बघून ती कुठे उभी करायची एवढंच ठरवायचं. त्यासाठी अर्ज लिहितोय.

तोवर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर, तिन्ही गावांत प्रेशरचं एकेक मशीन ठेवतोय. बारावी झालेल्या तिघी मुली दर आठवड्याला आकडे फोनवर कळवतील, पावसाळ्यातही. तुझ्या वाड्यांवर तू हेच करतोस ना? रजिस्टर कसं आखतोस? गोळ्या संपायच्या आत कळावं म्हणून कुठला रकाना ठेवतोस?

काकूंचा गुडघा कसा आहे? चालायला लाव त्यांना, लाड करू नकोस. धाकटीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

आज मामांकडे गेलो होतो. त्यांनी डावा हात पोटावरून फिरवला, मग भिंतीला टेकवलेल्या डोलीकडे बोट केलं. मला उमगेना. मामी हसल्या, किती दिवसांनी हसल्या असतील. म्हणाल्या, "ते उलटीवाले डॉक्टर कुठं असतात, विचारतायत."

रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठव. आणि ये. सोमवारच धर.

तुझाच