जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स उतरवण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या ऑटोमॅटिक गाडीने गिअर पडताना झटका दिला, किंवा रेस वाढते पण गाडी ओढत नाही असे झाले, की मालकाच्या कानावर पहिले वाक्य पडते ते 'गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल'. दहा-पंधरा वर्षे चाललेल्या आय-टेन, डिझायर किंवा कोरोला अल्टिसचा हा खर्च ऐकला की पुष्कळ जण गाडीच मोडीत काढतात. पंधरा वर्षे पूर्ण होऊन पुनर्नोंदणी तोंडावर आलेली असेल तर निर्णय आणखी लवकर होतो. यातल्या कितीतरी गाड्यांचा गिअरबॉक्स धड असतो. दोष ऑइलात, एखाद्या सेन्सरात, उंदराने कुरतडलेल्या वायरीत नाहीतर तुटलेल्या फाउंडेशनमध्ये (इंजिन-गिअरबॉक्स ज्या रबरी आधारांवर बसतात त्यांत) असतो. अशा गाड्या चालवणाऱ्यांत गुडघ्याचे ऑपरेशन झालेले ज्येष्ठ आणि डाव्या पायात बळ नसलेले लोक बरेच आहेत. क्लचची गाडी त्यांना चालवता येत नाही. गाडी गेली की त्यांचे बाहेर पडणेच थांबते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

आधी आपल्या गाडीत कोणती ऑटोमॅटिक आहे ते पाहावे. 2014 च्या सेलेरिओपासून रुळलेली एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. त्यातला क्लच आणि गिअर यंत्र दाबते. तिथे क्लचप्लेट झिजते, हायड्रॉलिक पंपाचा दाब उतरतो, आणि नवी क्लचप्लेट बसवल्यावर स्कॅनरने (गाडीच्या कंप्युटरला जोडायच्या यंत्राने) 'लर्निंग' केले नाही, म्हणजे कंप्युटरला नव्या प्लेटची ओळख करून दिली नाही, तर नव्या प्लेटवरही गाडी झटके देते. जुन्या सिटी झेडएक्सची सीव्हीटी, म्हणजे ठरलेल्या गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक, वेगळी. ती जागेवरून उठताना थरथरत असेल तर बहुतेक वेळा स्टार्ट क्लच आणि जुने झालेले ऑइल यांचा तो प्रश्न असतो, आणि त्यात होंडाचे ठरलेले सीव्हीटी ऑइलच लागते. खालचा मजकूर मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलाने जोडणाऱ्या भागाच्या) चार गिअरवाल्या गाड्यांसाठी आहे.

या गिअरबॉक्समध्ये ऑइल फक्त वंगण नसते. इंजिनची ताकद कन्व्हर्टरमधून तेच पुढे नेते, आतल्या क्लचप्लेट दाबणारा दाबही त्याचाच, आणि उष्णता बाहेर नेण्याचे कामही तेच करते. म्हणून तपासणीची सुरुवात गिअरबॉक्सच्या डिपस्टिकपासून (ऑइलाची पातळी पाहायच्या पट्टीपासून) व्हावी. गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून सपाट जागी उभी करावी. हँडब्रेक लावून, पायाचा ब्रेक दाबून लिव्हर पी, आर, एन, डी अशा प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद ठेवावा आणि पुन्हा पी-वर आणावा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालून काढायची आणि 'हॉट' खुणेवर पातळी पाहायची. होंडात मात्र इंजिन बंद करून साधारण 60 ते 90 सेकंदांच्या आत पाहायची. हा फरक माहीत नसल्याने होंडाच्या गाड्यांत ऑइल कमी-जास्त भरलेले वारंवार दिसते. डिपस्टिकच नसेल तर गाडी लिफ्टवर आडवी सपाट धरून, ऑइलचे तापमान स्कॅनरवर पाहून, कंपनीने दिलेल्या तापमानाला (बहुधा 35 ते 45 अंशांच्या दरम्यान) लेव्हल प्लग उघडावा लागतो. थंड गिअरबॉक्सचा प्लग उघडून 'लेव्हल बरोबर आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

ऑइल कमी असेल तर चढावर आणि वळणावर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरतात. जास्त झाले तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, त्यानेही दाब पडतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ऑइल 'खात' नाही. पातळी उतरली म्हणजे कुठेतरी गळती आहेच: अॅक्सल सील, पॅनचे गॅस्केट, कूलरचे होज, किंवा इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे मिळतात तिथले पुढचे सील. नुसते टॉप-अप करून गाडी परत देणे ही दुरुस्ती नव्हे.

डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टिपून दोन मिनिटे थांबावे. लालसर आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी म्हणजे जुने झाले, बदलावे. काळे आणि जळकट वासाचे असेल तर क्लचचे अस्तर जळते आहे. थेंब सोलकढीसारखा दुधाळ गुलाबी दिसला तर गाडी त्याच क्षणी थांबवावी, कारण पाणी आत गेले आहे. पाणी दोन वाटांनी शिरते. पहिली वाट रेडिएटरची. बऱ्याच गाड्यांत गिअर ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतच असते. ती आतून फुटली की कूलंट आणि ऑइल एक होतात, आणि कूलंटच्या टाकीतही तेलाचा तवंग दिसतो. दुसरी वाट गिअरबॉक्सच्या डोक्यावरच्या ब्रीदरची (हवा ये-जा करायच्या छिद्राची). गाडी पाण्यात बुडली की पाणी तिथून आत जाते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हापासून मुंबईकरांना इंजिनात पाणी जाण्याची धास्ती आहे, पण गिअरबॉक्सच्या ब्रीदरकडे अजूनही कुणी पाहत नाही. क्लचप्लेटचे अस्तर डिंकाने चिकटवलेले असते आणि पाणी तो डिंक सोडवते. त्यामुळे बुडालेली गाडी सुरू होऊन चालू लागली तरी गिअर ऑइल बदलल्याशिवाय ती वापरू नये. रेडिएटर फुटला असेल तर आधी रेडिएटर बदलावा, मग ऑइल. उलट केले तर नवे ऑइलही त्याच पाण्याने बिघडते.

'हे लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचे नसते' हे वाक्य जितके नुकसान करते तितके दुसरे काही करत नाही. आपल्याकडचा उन्हाळा, सिग्नलची थांब-चाल आणि घाट पाहता 40 ते 60 हजार किलोमीटरला ऑइल बदलणे शहाणपणाचे. खालचा ड्रेन प्लग काढला की सगळे ऑइल निघत नाही, कन्व्हर्टर आणि कूलरमधले तसेच राहते. समजा एकूण साडेसहा लिटर असेल तर एका वेळी अडीच-तीन लिटर निघते, म्हणजे सुमारे 40 टक्के. म्हणून दोन-तीनशे किलोमीटरच्या अंतराने तीनदा काढून भरले तर जवळजवळ 78 टक्के ऑइल नवे होते. निघालेले ऑइल मापाच्या भांड्यात घ्यावे. पातळी आधी बरोबर होती याची खात्री असेल तर जितके निघाले तितकेच भरावे. ऑइलचा ग्रेड डिपस्टिकवर किंवा मालकाच्या पुस्तकात दिलेला असतो: ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरला एसपी-3, टोयोटाला गाडीच्या सालानुसार टी-4 किंवा डब्ल्यूएस. सगळ्यांना एकच डेक्सरॉन ग्रेडचे ऑइल ओतणे चूक आहे, कारण प्रत्येक ग्रेडचे घर्षण वेगळे असते आणि क्लच कसा पकडतो ते त्यावर ठरते.

पॅन उतरवला तर त्यातले लोहचुंबक हातात घेऊन पाहावे. त्यावर बोटाला लागेल असा मऊ करडा लेप असेल तर घाबरायचे कारण नाही, ती नेहमीची झीज असते. बोटाला टोचणारे पोलादी तुकडे, पिवळसर पितळी चुरा किंवा अस्तराचे काळे पापुद्रे असतील तर मात्र आत बिघाड आहे. मालकाने हा पॅन पुसण्याआधी स्वतः पाहावा, फोटो काढून ठेवावा. पॅनचे बोल्ट छोटे असतात. त्यांना साधारण 7 ते 10 न्यूटन-मीटरच कस लागतो. जोर लावून आवळले की पॅनची कड वाकते आणि गळती तिथूनच सुरू होते.

नवे ऑइल घातल्यावर गिअरबॉक्स बंद पडला, अशी तक्रार ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण दोष नव्या ऑइलाचा नाही. अस्तर आधीच संपलेले असते, आणि त्याचीच भुकटी जुन्या ऑइलात तरंगून क्लचला थोडी पकड देत असते. ते ऑइल काढले की पकड गेली. म्हणून घसरू लागलेल्या गाडीत मशीनने प्रेशर फ्लश (दाबाने ऑइल धुवून काढणे) करू नये, आणि ऑइल बदलून ती बरी होईल असे आश्वासनही कुणी देऊ नये.

ऑइल बरोबर असेल तर वळायचे बॅटरीकडे. गिअर कधी पाडायचा ते कंप्युटर ठरवतो, आणि व्होल्टेज पडले की तो चुकीचा अंदाज घेतो. इंजिन बंद असताना बॅटरी 12.4 व्होल्टच्या वर आणि चालू असताना सुमारे 13.8 ते 14.5 हवी. इंजिन चालू, दिवे आणि एसी लावलेले असताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि गिअरबॉक्सचा धातू यांत मल्टिमीटर धरला आणि 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंगची पट्टी काढून घासून पुन्हा बसवावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

मग स्कॅनर. स्वस्त स्कॅनर बरेचदा इंजिनचेच बिघाडाचे कोड वाचतात, त्यामुळे गिअरबॉक्सच्या कंप्युटरपर्यंत पोचणारा लागतो. पी-0700 दिसला म्हणून गिअरबॉक्स गेला असे होत नाही. तो फक्त 'आत आणखी कोड आहे, तो वाचा' एवढेच सांगतो. पी-0705 लिव्हरची जागा सांगणाऱ्या स्विचचा, पी-0715 आणि पी-0720 आत-बाहेरच्या वेगाच्या सेन्सरचे, पी-0750 ते पी-0770 शिफ्ट सॉलेनॉइडचे (गिअर बदलण्यासाठी ऑइलाची वाट उघड-बंद करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचे). यातले सेन्सर आणि स्विच बहुतेक गाड्यांत बाहेरून बदलता येतात. सॉलेनॉइड अनेकदा नुसता पॅन उतरवून निघतात. डी-चा दिवा लुकलुकणे आणि गाडी तिसऱ्याच गिअरमध्ये अडकून राहणे म्हणजे कंप्युटरने सावधगिरी म्हणून बाकीचे गिअर बंद केले आहेत. अशा वेळी आधी कनेक्टर उघडून पाहावा. आत ऑइल झिरपलेले, पिना हिरव्या पडलेल्या किंवा वायर उंदराने सोललेली असते. टोयोटाच्या चालू-बंद प्रकारच्या सॉलेनॉइडचा रोध 11 ते 15 ओहम असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर तो तुटला, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. कोड पुसण्याआधी कागदावर लिहून घ्यावेत. पुसून दिलेली गाडी दोन दिवस बरी चालते आणि पुरावा मात्र गेलेला असतो.

गिअरबॉक्सचे सोंग घेणारे बिघाडही आहेत. डी किंवा आर टाकताना धाडकन आवाज येत असेल तर आधी फाउंडेशन पाहावे. बॉनेट उघडून, माणसांना समोरून दूर उभे करून, ब्रेक घट्ट दाबून डी-मधून आर-मध्ये नेताना इंजिन प्रमाणाबाहेर उचलले तर रबर फाटले आहे. लिव्हर पी-मधून निघतच नसेल तर मागचे ब्रेक दिवे लागतात का ते पाहावे. न लागल्यास दोष ब्रेक पेडलवरच्या छोट्या स्विचचा. गाडी पी-मध्ये सेल्फ घेत नाही पण एन-मध्ये घेते, असे असेल तर लिव्हरची केबल किंवा इनहिबिटर स्विच (लिव्हरची जागा सांगणारा) सरकला आहे. साठ-सत्तरच्या स्थिर वेगाला गाडी थरथरत असेल तर रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल फक्त टेकवावे, मोकळ्या रस्त्यावर आणि मागे कुणी नसताना. लॉक-अप (स्थिर वेगाला कन्व्हर्टर घट्ट जोडणारा क्लच) सुटून थरथर लगेच थांबली तर कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच किंवा त्याचे ऑइल, चालूच राहिली तर बहुधा इंजिनचा स्पार्क प्लग नाहीतर कॉइल. हे कळण्याआधी कुणी कन्व्हर्टर काढू नये.

खरोखर गेलेला गिअरबॉक्सही ओळखता येतो. एन-मधून डी टाकल्यावर पकडायला साधारण सव्वा सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो, गरम झाल्यावर सगळ्याच गिअरमध्ये घसरतो, पॅनमध्ये धातू मिळतो, आणि दाबमापक लावल्यावर लाइन प्रेशर (ऑइलाचा मूळ दाब) कमी दिसते. ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची स्टॉल टेस्ट जाणत्यानेच करावी, पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. आरपीएम कंपनीच्या आकड्यापेक्षा वर गेला तर क्लच घसरतात. खूप खाली राहिला तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरमधला एकमार्गी क्लच गेला आहे. आणि उतरवायचाच झाला तर कूलर फ्लश होणार का, कन्व्हर्टर बदलणार किंवा कापून दुरुस्त करणार का, नव्या क्लचप्लेट ऑइलात भिजवून बसवणार का, हे आधीच विचारावे. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसलेला नसताना बोल्ट आवळले तर नवा पंप सेल्फ मारताच फुटतो.

वाहनचालकांसाठी दोन गोष्टी. बोरघाट किंवा कसारा घाट चढताना गिअर सारखा वर-खाली होत असेल तर ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) बंद करावा, उतरताना 2 किंवा एल वापरावा. आणि बंद पडलेल्या ऑटोमॅटिकला धक्का मारून सुरू करण्याचा खटाटोप करू नये. इंजिन बंद असेल तर पंप बंद, म्हणून ती धक्क्याने सुरू होत नाही. याच कारणाने पुढची चाके जमिनीवर ठेवून दोरीने ओढत नेणेही घातक, कारण आतले भाग वंगणाशिवाय फिरतात. पुढून उचलणारी क्रेन किंवा फ्लॅटबेडच मागवावी.

गॅरेजवाल्यांना आमची विनंती आहे की जॉब कार्डवर ऑइलचा ग्रेड, काढलेले आणि भरलेले लिटर आणि वाचलेले कोड लिहून द्यावेत, आणि बदललेले भाग मालकाला परत करावेत. मालकांनीही गिअरबॉक्स उतरवण्याला होकार देण्याआधी हा कागद मागून घ्यावा.

आपले,
ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक,
पिंपरी-चिंचवड